समोरची बाजू कुठली?



बोन्साय म्हटलं की आपल्या लोकांच्या दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, "अय्या, कित्ती गोड!" आणि दोन, "बिचाऱ्या झाडाचे हाल!" वास्तुशास्त्रवाले तिसऱ्या कोपऱ्यात उभे असतात, खुजं झाड घरात ठेवलं की भरभराट खुंटते असं बजावत. ह्या तिघांची एक समजूत मात्र सारखीच असते. रोप लहानपणीच छोट्या कुंडीत कोंबायचं, अर्धपोटी ठेवायचं, आणि काही वर्षांनी ते आपोआप पारावरच्या वडासारखं दिसायला लागतं.

तसं होत नाही. छोट्या कुंडीत लावलेलं रोप वीस वर्षांनीही रोपच दिसतं, फार तर अंगठ्याएवढं जाड. खोड जाड व्हायचं तर दरवर्षी सालीखाली लाकडाचा नवा थर चढावा लागतो. त्याला भरपूर पानं लागतात, पानांना मुळं लागतात आणि मुळांना जागा. म्हणून प्रदर्शनात जी मनगटाएवढ्या, मांडीएवढ्या बुंध्याची झाडं दिसतात, त्यातली बरीचशी आधी काही वर्षं जमिनीत मोकळी वाढलेली असतात. काही डोंगरातून आणलेली, तर काही ह्याच कामासाठी शेतात लावलेली. कुंडी शेवटी येते.

शेतात लावतानाच पहिली मेख असते. रोपाचं सोटमूळ कापतात, खाली एक फरशी किंवा फळी ठेवतात आणि वर माती. मुळांना खाली जायला वाट नाही, म्हणून ती चारी बाजूंना पसरतात. दोन-तीन वर्षांनी झाड काढून मुळं छाटायची, पुन्हा लावायचं. वर शेंडा मात्र बेफाम जाऊ द्यायचा, दहा-बारा फूट गेला तरी चालेल. मग एक दिवस करवत घेऊन बुंध्यापासून काही इंचांवर कापून टाकायचा. खालच्या डोळ्यातून जो धुमारा फुटेल तो नवा शेंडा. तो वाढला की पुन्हा काप. दर वेळी वरचा तुकडा खालच्यापेक्षा बारीक, त्यामुळे खोड खाली जाड आणि वर निमुळतं होत जातं. झाड म्हातारं दिसतं ते ह्या निमुळतेपणामुळे. शिवाय बुंध्याशी एखादी फांदी मुद्दाम मोकाट सोडतात, तिच्याखालचं खोड जाड व्हावं एवढ्यासाठीच. काम झालं की तीही कापायची. इंग्रजीत तिचं नाव चक्क 'बळी दिलेली फांदी' अशा अर्थाचं आहे. आपण मराठीत ह्या कलेला वामनवृक्ष म्हणतो. म्हणजे वामन आणि बळी, दोघेही हजर :-)

आता माझ्या झाडाकडे येतो.

आम्ही ऑरेगनमध्ये, पोर्टलंडच्या पश्चिमेला राहतो. इथून दक्षिणेला विल्यामेट नदीचं खोरं आहे, रोपवाटिकांचा मुलूख. २०२३ च्या मार्चमध्ये तिथल्या एका म्हाताऱ्या बागवानाने आपलं बोन्सायचं शेत आवरायला काढलं. गुडघे बोलायला लागले होते आणि मुलांना रस नव्हता. (ही कथा आपल्याकडच्या कुठल्याही गावात घडू शकते.) मी सहज बघायला म्हणून गेलो आणि गाडीच्या डिकीत एक ट्रायडंट मेपल घेऊन आलो. बारा वर्षं शेतात वाढलेलं, बुंधा जमिनीलगत चार इंच.

ट्रायडंट मेपल मूळचा पूर्व चीनचा. जपानमध्ये गेला आणि बोन्सायवाल्यांचा लाडका झाला. पानाला तीन टोकं, म्हणून ट्रायडंट, म्हणजे त्रिशूळ. बायको म्हणाली, "हे तर बेलासारखं!" बेलाला तीन सुटी पानं असतात आणि इथे एकाच पानाला तीन टोकं, पण महादेवाला दोन्हीकडून हिशेब जुळतो. झाड काटक आहे, मुळं जोमाने फुटतात, छाटलं की चहूकडून धुमारे येतात आणि कापाची जखम लवकर भरून येते. नवशिक्याला ह्याहून चांगला सोबती मिळणार नाही.

बागवानाने निघताना एकच ताकीद दिली. पहिलं वर्षभर हात लावायचा नाही. लाकडी खोक्यात, प्युमिसच्या खड्यांत ठेव, पाणी घाल आणि नुसतं बघ. "तुझ्याकडे बारा महिने आहेत," तो म्हणाला, "तेवढ्यात ह्याची समोरची बाजू शोध."

झाडाला समोरची बाजू असते ही गोष्ट आपल्या डोक्यात नसते. वडाला कुठे समोरची बाजू असते? आपण त्याला फेऱ्या मारतो. पण बोन्साय हे देवळातल्या मूर्तीसारखं एका बाजूने बघायचं असतं, आणि बाकीचे सगळे निर्णय त्या एका निर्णयातून निघतात. कुठली फांदी ठेवायची, खोड कुठे वळणार, शेंडा कुठे संपणार, सगळं.

पुस्तकांत शैलींची नावं असतात. चोक्कान म्हणजे ताठ उभं, मोयोगी म्हणजे उभंच पण वळणावळणाचं, शाकान म्हणजे कललेलं, केंगाई म्हणजे कड्यावरून खाली झेपावणारं, होकिदाची म्हणजे उलट्या खराट्यासारखं, सोकान म्हणजे जुळ्या खोडांचं. नवशिक्याला वाटतं की लग्नाच्या हॉलच्या मेनूसारखं ह्यातलं एक निवडायचं. पण शेतात वाढलेल्या झाडाने बारा वर्षांत आपले बरेच निर्णय स्वतःच घेतलेले असतात. त्याला काय काय शक्य आहे ते बघायचं आणि त्यातलं एक निवडायचं, एवढंच आपल्या हातात. बघायचं कसं, ते मी वर्षभरात जे शिकलो त्यावरून सांगतो.

पहिलं, मुळं. बुंध्याभोवतीचा वरचा थर एका चॉपस्टिकने हळूहळू उकरायचा. मुळांचा जो पसारा जमिनीलगत दिसतो त्याला जपानीत नेबारी म्हणतात, आणि बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. बुंधा ज्या बाजूने सगळ्यांत रुंद आणि जमिनीला घट्ट धरून बसलेला दिसतो, ती समोरच्या बाजूची पहिली उमेदवार.

दुसरं, खोडाची रेषा. झाड फिरत्या पाटावर ठेवायचं (आमच्याकडे मुलीच्या वाढदिवसाच्या केकसाठी घेतलेलं फिरतं स्टँड होतं, ते कायमचं बागेत गेलं) आणि थोडं थोडं फिरवत डोळ्यांच्या पातळीवरून बघायचं. वरून बघू नये. शेंडा किंचित बघणाऱ्याकडे झुकलेला असावा, नमस्कार केल्यासारखा. खालच्या दोन तृतीयांश भागात कुठलीही फांदी थेट आपल्या डोळ्यांत घुसणारी नसावी.

तिसरं, ढोबळ मापं. उंची साधारण बुंध्याच्या जाडीच्या सहापट. म्हणजे माझ्या चार इंचाला दोन फूट. पहिली मुख्य फांदी साधारण एक तृतीयांश उंचीवर. ही मापं म्हणजे कायदा नव्हे, पण नवशिक्याला धरायला कठडा.

चौथं आणि सगळ्यांत उपयोगाचं, पंचा. जी फांदी कापायचा विचार आहे तिच्यावर पांढरा पंचा टाकायचा आणि चार पावलं मागे यायचं. फांदी नसलेलं झाड दिसतं. पंचा काढला की झाड जसंच्या तसं. करवतीला ही सोय नाही.

पंच्याने काय दाखवलं ते सांगतो. माझ्या झाडाचं खोड आठ इंचांवर दुभंगलेलं होतं. डावा भाग जाड, अडीच इंचांचा, खांबासारखा सरळ वर गेलेला. उजवा बारीक, अंगठ्यापेक्षा जरा जाड, पण सुंदर वळण घेत गेलेला. पाठीमागे एक जुनी बळीची फांदी. मुळं एका बाजूला पंख्यासारखी पसरलेली आणि विरुद्ध बाजूला एक दांडगं मूळ दुसऱ्यावर आडवं चढून बसलेलं.

पर्याय तीन निघाले.

पहिला, दोन्ही खोडं ठेवायची. काहीच कापायचं नाही, म्हणून मनाला फार बरं वाटतं. पण जुळं खोड शोभतं ते बुंध्यापासूनच वेगळं झालेलं. आठ इंचांवर फुटलेलं असेल तर ते जुळं दिसत नाही, बेचकी दिसते. चिमण्या मारायची बेचकी.

दुसरा, बारीक भाग कापायचा आणि जाड ठेवायचा. जखम छोटी, फांद्या तयार, तीन वर्षांत झाड छान पसरट कुंडीत बसवून पाहुण्यांना दाखवता येईल. उणीव एवढीच की खोड खालपासून वरपर्यंत जवळजवळ सारख्याच जाडीचं. टेलिफोनचा खांब, वर पानं.

तिसरा, जाड भाग कापायचा आणि बारीक भागाला शेंडा करायचा. बुंधा चार इंच, वरचा तुकडा जेमतेम सव्वा इंच. निमुळतेपणा आणि वळण दोन्ही एका कापात मिळतं. सुंदर मोयोगी होऊ शकतो. पण अडीच इंचांची जखम राहते. कुंडीत ती भरायला पुरी हयात जाईल. भरायची तर झाड पुन्हा जमिनीत लावून तीन-चार वर्षं मोकळं वाढू द्यायचं. मग काढून फांद्या घडवायच्या, त्यांच्या उपफांद्या, त्यांच्या उप-उपफांद्या. एकूण दहा-बारा वर्षं, असं बागवानाचं गणित.

आणि ह्या तिसऱ्या पर्यायातही एक कोडं होतंच. मुळं जिथून उत्तम दिसतात तिथून जखम डावीकडे अर्धी दिसते. जखम पूर्ण पाठीमागे जाईल असं झाड फिरवलं तर ते आडवं दांडगं मूळ पुढे येतं.

आमच्या घरात मामाचा सल्ला कुठल्याही विषयावर घेतला जातो, म्हणून व्हिडिओ कॉल लावून त्याला झाड दाखवलं. मामा तासगावला द्राक्षं पिकवतो. त्याने आयुष्यात बोन्साय पाहिलेलं नाही, पण छाटणी हा विषय त्याला अशा कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळतो. एप्रिलला खरडछाटणी काडी तयार व्हावी म्हणून, ऑक्टोबरला दुसरी छाटणी फळासाठी. वर्षातून दोनदा बाग भुंडी करणारा माणूस. त्याने फोन सगळ्या बाजूंनी फिरवायला लावला आणि म्हणाला, "अरे, काय कापू म्हणून काय विचारतोस? काय ठेवायचं ते आधी ठरव. आम्ही वेल लावला की पहिल्यांदा खोड करतो, मग दोन ओलांडे, मग ओलांड्यावर काड्या. सांगाडा नीट नसला तर पुढं कितीबी खत घाल, रडतच बसायचं. पहिल्या वर्षी घडाकडं बघायचं नाही."

म्हणजे त्याचं मत तिसऱ्या पर्यायाला. बागवानाचंही तेच. मुळांच्या कोड्यावर बागवान म्हणाला की समोरची बाजू मुळांवरूनच ठरव. ट्रायडंटची जखम भरते आणि भरल्यावर सालीत मिसळून जाते. बुंध्याचा पाया मात्र रोज दिसणार.

झाडाच्या दृष्टीने प्रश्न इथे सुटला होता. आमच्या दृष्टीने इथे सुरू झाला, कारण घोडं अडलं होतं ते 'दहा-बारा वर्षां'वर.

'परत जायचं का?' हा प्रश्न ह्या मंडळीत कुणाला समजावून सांगायला नको. आमच्या घरात तो २००९ पासून आहे. आधी ग्रीन कार्ड येऊ दे, मग मुलीची शाळा होऊ दे, मग घराचं कर्ज. आई कऱ्हाडला एकटी असते. वय ७८. तब्येत ठीक, कामाला बाई आहे, शेजार चांगला आहे, आणि रोज सकाळी फोनवर "मी मजेत आहे" हे वाक्य आहे. ते वाक्य किती खरं, हे ओळखायची कला आपण सगळेच दुरून शिकतो.

अशा घरात दहा-बारा वर्षांचं झाड? बायको पंच्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे तू ठरवलंस का, आपण इथेच राहणार?" मी म्हटलं, मी फक्त फांदी कुठली कापायची ते ठरवतोय. "तेच विचारतेय," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. दुसरा पर्याय तीन वर्षांचा होता, तिसरा बारा वर्षांचा. शैलींच्या नावांखाली खरा प्रश्न तो होता. आणि हे झाड बरोबर नेता येणारं नव्हे. परवाने आणि क्वारंटाइन सोडून देऊ, मेपलला हिवाळ्याची थंडी लागते. पानं गाळून दोन-तीन महिने गाढ झोपल्याशिवाय त्याला पुढचा वसंत धड जात नाही. कऱ्हाडच्या उन्हात ते काही वर्षांत थकून मरेल. तिथे उंबर, वड, पिंपळ हवेत. ती झाडं इकडे बाहेर हिवाळा काढणार नाहीत. आपल्यातले काही दोन्हीकडे जगतात, झाडांना ते जमत नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही फेडरल वेला गेलो होतो, इथून अडीच तासांवर. वॉशिंग्टन राज्यात सिॲटल आणि टकोमाच्या मध्ये पॅसिफिक बोन्साय म्युझियम आहे. वेअरहाऊजर ह्या लाकूड कंपनीने १९८९ मध्ये सुरू केलेला संग्रह, आता स्वतंत्र संस्था. तिथल्या एका जपानी ब्लॅक पाइनची गोष्ट मला तेव्हा नव्याने कळली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकन सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत कोंडलं. त्यातल्या जुझाबुरो फुरुझावा नावाच्या माणसाने छावणीत असताना एका पत्र्याच्या डब्यात बी पेरलं. त्याचा हा पाइन. २०२० च्या फेब्रुवारीत तो चोरीलाही गेला आणि काही दिवसांतच परत मिळाला.

पुढचा महिना कुठे काढायचा हे ज्याच्या हातात नाही त्या माणसाने बी पेरलं, आणि तेही पाइनचं, ज्याला आकार यायला दशकं लागतात. तिथे उभा राहून मी बराच वेळ त्या डब्याचा विचार करत होतो. मी ग्रीन कार्ड, चार बेडरूम आणि अंगण घेऊन 'दहा वर्षं कशी सांगणार' म्हणत होतो.

वॉशिंग्टन डीसीच्या नॅशनल आर्बोरेटममधला यामाकी पाइन तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. १६२५ पासून बोन्साय म्हणून सांभाळलेलं झाड. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते शहरातच, यामाकी कुटुंबाच्या अंगणात, भिंतीआड होतं आणि वाचलं. १९७६ मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने भेट दिलेल्या ५३ झाडांत मासारु यामाकींनी हे दिलं. ते हिरोशिमातून वाचलेलं आहे हे म्युझियमला कळलं २००१ मध्ये, कुटुंबातली नातवंडं बघायला आली तेव्हा. जवळजवळ चारशे वर्षं म्हणजे माणसांच्या किती पिढ्या, ते मोजा. त्यातल्या कुणीही 'हे पुरं होईपर्यंत मी इथे असेन का' असं विचारून झारी हातात घेतली नसणार.

बागवानाला मी हे बोलून दाखवलं तेव्हा तो हसला. त्याच्या शेतातलं प्रत्येक झाड त्याने अशा माणसासाठी वाढवलं होतं ज्याला तो ओळखत नव्हता. माझंसुद्धा. बारा वर्षं त्याने घातली, पुढची बारा मी घालीन किंवा सहा मी आणि सहा आणखी कोणी. बोन्साय क्लबात अशी दत्तक झाडं सर्रास असतात. त्यामुळे आराखडा आपल्या मुक्कामाच्या हिशेबाने निवडायचा नसतो. झाडाला जो शोभतो तो निवडायचा, आणि पुढच्या माणसाला कळेल अशी वही ठेवायची.

हे ऐकून मला हायसं वाटलं. घरी येताना गाडीत मात्र दुसरी बाजू दिसली. झाड दुसऱ्याला सोपवता येतं. आईला नाही. झाडाची बारा वर्षं मी नसलो तरी जातील, आईची बारा वर्षं आहेत की नाहीत हेच माहीत नाही. म्हणजे झाडाचा प्रश्न आणि आईचा प्रश्न एकाच पारड्यात घालायचं कारण नव्हतं. झाड, घर, शाळा ह्यांतलं काहीही पुढे करून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबवता येतं, आणि लांबवलं की काही काळ ते उत्तरासारखंच वाटतं. हे मी बायकोला बोललो. ती म्हणाली, "मग दोन्ही वेगळे वेगळे ठरवू."

झाडाचं आधी ठरलं. २०२४ च्या मार्चमध्ये, कळ्या फुगायला लागल्यावर, मागच्या अंगणात दोन फुटांची फरशी पुरली. आडवं दांडगं मूळ कापलं. जाड खोडावर तिरपा काप घेतला, खड्डेदार कापणाऱ्या पकडीने जखम आत कोरली, कडा धारदार पात्याने साफ केल्या आणि वर मलमाचा लेप. जखम आत कोरली की भरून येताना गाठ वर येत नाही. बारीक शेंड्याला ॲल्युमिनियमच्या तारेने थोडं वळण दिलं. (तार दर पंधरवड्याला बघावी लागते. वाढीच्या दिवसांत ती सालीत रुतते.) मग झाड फरशीवर ठेवून माती ओढली. त्या दिवशी बघणाऱ्याला अंगणात एक खुंट आणि त्यातून निघालेली एक काटकी दिसली असती. मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स इट?" होय, तेवढंच.

मे महिन्यात जखमेच्या कडेला सालीची गोल किनार दिसायला लागली. सप्टेंबरपर्यंत काटकीने सहा फूट उंची गाठली.

आणि आईचं? जमिनीतल्या झाडाने इथे एक सोय करून दिली. ऑरेगनचा उन्हाळा कोरडा. जुलै-ऑगस्टमध्ये नव्या झाडाला पाणी घालायला माणूस लागतोच. पण पानं गळाली की काम संपलं. हिवाळाभर इथे पाऊस पडतो. कुंडीतल्या ट्रायडंटची मुळं कडक थंडीत जपावी लागतात, जमिनीतल्याची तेवढी काळजी नाही. म्हणजे दुसरा पर्याय घेऊन झाड कुंडीत बसवलं असतं, तर आम्ही बाराही महिने त्याला बांधलेले असतो. बारा वर्षांच्या पर्यायाने हिवाळे मोकळे केले.

मुलगी २०२४ च्या सप्टेंबरात कॉलेजला गेली. डिसेंबरच्या मध्यापासून आम्ही सहा आठवडे कऱ्हाडला राहिलो, थोडी रजा आणि थोडं तिथून रात्रीचं काम. ह्याआधीच्या सगळ्या भेटी तीन आठवड्यांच्या, भर उन्हाळ्यात नाहीतर पावसात, निम्म्या खरेदीत आणि निम्म्या लग्नांत गेलेल्या. सहा आठवड्यांत चौथ्या आठवड्यापासून आई पाहुणचार थांबवते आणि नेहमीसारखी वागायला लागते, हे मला पहिल्यांदा कळलं. तिचा रक्तदाब दुपारी वाढतो आणि ती गोळी अर्धी करून घेते, हे फोनवर कधीच कळलं नसतं. डॉक्टरांना भेटून ते मार्गी लावलं. दर हिवाळ्यात यायचं हे ठरवूनच परतलो. 'परत जायचं का' ह्याचं हे पूर्ण उत्तर नाही. पण पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यातला एक तुकडा तारखांसकट ठरला.

तर नवशिक्यांसाठी थोडक्यात. झाड आणलं की वर्षभर हात लावू नका. मुळं उकरा, समोरची बाजू शोधा. शैलीचं नाव शेवटी ठरवा. पंचा वापरा. काय ठेवायचं ते आधी ठरवा. जो पर्याय काहीच कापायला लावत नाही त्याच्याकडे जरा संशयाने बघा. वर्षांचा हिशेब करा, पण त्या हिशेबाला घाबरून खांब निवडू नका. आणि वही ठेवा: कुठला काप कधी घेतला, समोरची बाजू कुठली, पुढे काय करायचं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एक चित्र आणि एक बाण आहे. उद्या झाड कुणाच्याही हातात गेलं तरी त्याला निदान समोरची बाजू विचारावी लागू नये.

पोर्टलंडकडे कुणी जूनमध्ये आलात तर जरूर या, चहा आणि झाड दोन्ही आहे. जानेवारीत आलात तर दाराला कुलूप असेल. खुंट मात्र कुंपणावरून दिसतो.

- अंगणातला एक नवशिका

ता.क. शेंड्याची ती सहा फूट वाढ पुढे कापायचीच आहे. मामाला सांगितलं तर म्हणाला, "मग काय, तुझी पण खरडछाटणी झाली म्हण की!"